वहीतलं अक्षर

दवाखान्यात यायचं म्हणून त्यांनी पावडर लावली होती,
गळ्यापासून खाली, सढळ हातानं.
"ही पुसावी लागेल, मावशी," मी म्हटलं,
"पावडरीवर काही चिकटत नाही."
त्या ओशाळल्या.
"घामाचा वास नको म्हणून लावली."

शुक्रवार पेठ, दुसरा मजला, पडदा ओढलेला.
खाली बाजीराव रोडवर बस अडकलेली, हॉर्न दाबून धरलेला.
कागदावर: द्वारका ढमढेरे, वय एकसष्ट.
काम: पोळ्या.

मंगळसूत्र काढायला त्या तयार नव्हत्या.
मी ते फिरवलं. वाट्या मानेमागे लोंबल्या.

स्पिरिट. "थंड लागेल हं."
मग खरखरीत जाळीनं घासलं,
वरची मेलेली कातडी निघून
खालची लालसर दिसेपर्यंत.
तोवर आतलं नीट ऐकू येत नाही.
लावायचं हाडावर, मांसावर नाही;
स्नायू बडबडे असतात, मधेच बोलतात.
एका जागी जुना डाग होता, उकळत्या तेलाचा,
तिथून एक बोट बाजूला सरकले.
मशीनला काही कळलं नाही.
पांढरी, काळी, लाल, हिरवी,
प्रत्येक वायरीला एक वेढा देऊन टेपखाली दाबला,
ओढ बसलीच तर आधी वेढा सुटावा.

"उद्यापर्यंत आंघोळ नाही. बाकी नेहमीची कामं करायची."
"नेहमीची?"
"हो."
"म्हणजे तीनशे पोळ्या?"
मी टेपचा अख्खा रोल त्यांच्या पिशवीत टाकला.

"आणि ही वही. धडधडलं, गरगरलं, की वेळ लिहायची."
"मला लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या,
मग स्वतःच, "मेसमधली पोरं लिहितील.
परीक्षेची पोरं ती. दिवसभर लिहीतच असतात."

दुसऱ्या दिवशी वही आली, चार अक्षरांत.
११.४०. कणीक मळणे सुरू. विशेष काही नाही.
१.०५. मावशी खाली बसल्या. लिहू नको म्हणाल्या.
हे शेवटचं दाबून लिहिलेलं, मागच्या पानावर उठलेलं.
एकानं समास आखला होता, उत्तरपत्रिकेसारखा,
आणि मुद्दा क्रमांक तीन:
धडधड, मध्यम स्वरूपाची.
८.२०. मावशी खूप हसल्या. (हे लिहायचं असतं का?)
पावणेदहानंतर कोरं.
मेस दहाला बंद होते.

स्क्रीनवर पट्टी सरकवत गेले.
एक वाजून पाचला नुसता वेग,
दमलेल्या माणसाचा असतो तसा.
आठ वीसला छोटीशी उसळी.
रात्री दोन दहाला
एक ठोका,
आणि सपाट रेघ,
साडेतीन सेकंद,
मग पुढचा ठोका,
कामावर उशिरा पोचलेल्या बाईसारखा, घाईत.

सांगायचं काम माझं नाही. डॉक्टर सांगतील, चारनंतर.
मी एवढंच विचारलं, "रात्री जाग आली होती?"
"आली ना. नळाला पाणी आलं होतं.
उठले, डोळ्यांपुढे अंधार झाला, पिंपाला धरून उभी राहिले.
मग भरून घेतलं."
"कुणाला उठवायचं ना."
"लिहायला?"

मी पेन्सिल घेतली. कोऱ्या पानावर, माझ्या अक्षरात:
२.१०. जाग्या होत्या. पाणी भरत होत्या.

मग खोबरेलानं कडा भिजवल्या,
एकेक उचलली, हळू, केसांच्या दिशेनं.
सात लाल गोल राहिले.
"जातील दोन दिवसांत."

त्यांनी वाट्या पुढे ओढून घेतल्या,
पिशवीत चाचपून डबा काढला, झाकण फिरवलं,
आणि थांबल्या.
"आता लावली तर चालेल ना?"